पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरीचं म्हणणं

मी एक जुनी विहीर आहे, आणि मी खारी आहे. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे कोणाला नाक मुरडायला जागा नको. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांतल्या विहिरींचं पाणी नेहमी थंडगार आणि गोड असतं. असो बापडं. माझं पाणी तोंडात घ्याल तर थुंकून टाकाल. माझ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि चहा करायला गेलात तर दूध फाटतं. तरी मी इतकी वर्षं ताठ उभी आहे. ज्याला माझी कीव येत असेल त्यानं ती आपल्या घरी नेऊन ठेवावी, मला नको.

माझं गाव पूर्णा नदीच्या काठी, दर्यापूरहून अकोल्याकडे जाताना लागतं. जमीन काळीभोर, कपाशीनं लदलेली, पण खालचं पाणी खारं. म्हणून या सगळ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. नदीनं हजारो वर्षं गाळ आणून टाकला, त्या गाळात क्षार अडकून बसले आणि पाणी त्यांच्यातूनच झिरपत माझ्यापर्यंत येतं. यात माझा काय गुन्हा, सांगा बरं! गावाच्या पूर्वेला नाल्याजवळ मात्र पावसाचं पाणी चांगलं मुरतं. तिथे एक गोड विहीर आहे. नळाला पाणी आलं तर आलं, नाही तर सगळं गाव तिच्यावर जगतं.

एके काळी त्या गोड विहिरीवर सगळ्यांना जाऊ देत नसत. आमच्या वस्तीतल्या बायांनी रिकामे हंडे घेऊन दूर उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला आणि ठरवलं की आता हंडा पुढे करायचा नाही. लहानुजी नावाचा एक तरुण होता. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून, उरल्या वेळात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मला खणलं. बायांनी टोपल्यांनी माती वर काढली. पाणी लागलं तेव्हा लहानुजीनं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. काठावर जमलेले बघे फिदीफिदी हसले. लहानुजीनं ते पाणी थुंकलं नाही, गिळलं.

"खारी असन, पन आपली हाय," तो म्हणाला. तेच माझं बारसं.

पुढे वस्ती पिण्याच्या पाण्यासाठी भांडली आणि गोड विहीर सगळ्यांची झाली. पण मला कोणी टाकलं नाही. धुणं माझ्यावर, भांडी माझ्यावर, म्हशी माझ्यावर. लहानुजीची सून इंदूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या काठावर आहे. आता तिचे केस पांढरे झालेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. ती म्हशींना पाणी पाजते आणि अख्ख्या गावाच्या बातम्या मला सांगते. मी आणि इंदूबाई, दोघींनाही गोड बोलता येत नाही. म्हणून आमचं जमतं.

मग एक दिवस सरकारी जीप आली आणि मला नोकरी लागली. खरंच सांगते! जमिनीखालच्या पाण्याची नाडी तपासायला सरकार काही विहिरी निवडतं. त्यांना निरीक्षण विहीर म्हणतात. वर्षातून ठरावीक वेळा भूवैज्ञानिक येतात, पाणी किती खोल गेलं ते मोजतात, बाटलीत पाण्याचा नमुना नेतात. त्यासाठी मोटार न बसवलेली विहीर लागते, कारण दिवसरात्र उपसा होणाऱ्या विहिरीची पातळी खरी कळत नाही. गोड विहिरीवर तर मोटारी चालू. मग घ्या, कोणाला नेमलं? मला! माझ्या कठड्यावर छिन्नीनं एक खूण कोरली, तिच्यात लाल रंग भरला. मोजायचं ते कायम त्याच खुणेपासून. गोड विहिरीला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

जीपमधून उतरलेली ती नवखी अधिकारी म्हणजे भावना मॅडम. माहेर मोर्शीचं. त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती, विहिरीत गोड पाणी होतं. जो तो खोल खोल बोअर मारत गेला, पाणी पळालं आणि ती विहीर कोरडी ठणठणीत पडली. म्हणून त्या भूवैज्ञानिक झाल्या, असं त्यांनीच एकदा इंदूबाईला सांगितलं होतं. आता त्या वरिष्ठ भूवैज्ञानिक आहेत. अमरावतीच्या कार्यालयात त्यांना मोठी खुर्ची आहे, हाताखाली माणसं आहेत. तरी माझ्याकडे त्या स्वतः येतात. खुर्चीत बसून विहीर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची एक पद्धत आहे. आधी कठड्यावरची खूण शोधायची. मग टेपच्या टोकाला पांढरा खडू फासायचा आणि टेप आत सोडायची. खडू जिथपर्यंत भिजतो तिथपर्यंत पाणी. एकदा मोजून त्या कधी थांबत नाहीत, पुन्हा मोजतात. मग माझं पाणी एका भांड्यात घेऊन त्यात खारेपणा सांगणारं यंत्र बुडवायचं. आकडा पाहिला की कठड्यावर थाप मारून म्हणायचं, "काय बाई, आहेस ना तशीच?"

मित्रांनो, आयुष्यात मला कोणी छान म्हटलं नाही, सुंदर तर नाहीच नाही. पण "आहेस ना तशीच" हे मी कानांत साठवून ठेवत आले. त्यासाठी मी त्यांची वाट बघायचे.

तर आता मुद्द्यावर येते. माझ्या पश्चिमेला, शिवाराच्या टोकाला, सूत रंगवण्याचा एक कारखाना आला. त्यानं कारखान्यामागं एक मोठं तळं खणलं. त्यात म्हणे फक्त पावसाचं पाणी साठवणार. रंगाचं उरलेलं पाणी टँकरनं दूर नेणार, स्वच्छ करणार. गाव खूश, कारण चार पोरांना काम लागलं. तळ्याच्या तळाला अंथरलेलं प्लास्टिक कधी फाटलं आणि त्यात रंगाचं पाणी कधीपासून सोडायला लागले, ते वर कोणाला दिसलं नाही. मला खालून कळलं. माझ्या पश्चिमेच्या झऱ्यातून एक कडवट, औषधासारख्या वासाचं पाणी आत यायला लागलं. मी कोणाला सांगणार? मला काय तोंड आहे!

पहिल्यांदा कळलं ते म्हशीला. इंदूबाईनं माझं पाणी तिच्यापुढे ठेवलं तर म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंदूबाई घाबरली नाही, चिडली.

"काऊन वं, आजपर्यंत चाललं नं तुले हे पानी?" तिनं म्हशीला विचारलं. मग स्वतः वाकून वास घेतला आणि पदर नाकाला लावला. त्याच दिवशी तिनं नातवाकडून भावना मॅडमला फोन लावून घेतला. "बाई, तुमची विहीर बिमार हाय. येऊन पाहा."

मॅडम आल्या. त्यांनी मला मोजलं, मग मोटारी रात्रभर बंद ठेवायला लावून सरपंच पंजाबरावाच्या शेतातली विहीर मोजली, गोड विहीर मोजली. तीन विहिरींची पातळी कळली की जमिनीखालचं पाणी कुठून कुठे चाललंय ते सांगता येतं. मॅडमनी काठीनं मातीत रेघ ओढून इंदूबाईला दाखवलं. "मावशी, हे तळं. ही आपली खारी. आणि ही गोड विहीर. पाणी या रेघेनं चाललंय. आज जे खारीत आलं, ते उद्या गोड विहिरीत जाणार."

इंदूबाई त्या रेघेकडे बघतच राहिली. "मंग सारं गाव काय पेईन?" ती म्हणाली.

आता समजलं ना काय पणाला लागलं होतं ते? मी एकटी असते तर एक वेळ सोसलं असतं. पण माझ्यामागं गोड विहीर उभी होती आणि तिच्यावर अख्खं गाव. आणि वर कहर म्हणजे त्या कारखान्यानं शेजारी आणखी एक तळं खणायची परवानगी मागितली होती. ते तळं थेट माझ्यापर्यंत येणार होतं. मला बुजवूनच टाकणार होते. खारी विहीर, कोणाच्या काय कामाची, असं त्यांच्या मॅनेजरनं अर्जाबरोबर सांगितलंही होतं. हे मी ऐकलं तेव्हा माझा असा संताप झाला की काय सांगू! लहानुजीनं खणलेली विहीर मी. मला बुजवणार म्हणे.

परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी सगळ्यांसमक्ष पाहणी ठेवली. तहसीलचे साहेब येणार, मॅनेजर येणार, भावना मॅडम पंचांसमोर माझ्या पाण्याचा नमुना घेणार आणि त्यावर निर्णय होणार. मला वाटलं, चला, आता माझा दिवस आला. येऊ दे सगळ्यांना, हुंगू दे सगळ्यांना.

पण आमच्या गावाला पाहुण्यांचं काय वेड आहे ते तुम्हाला माहीत नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी सरपंच पंजाबराव माणसं घेऊन हजर! माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर पहिला धावणारा. पण मोठे लोक येणार म्हटलं की याचं डोकं गहाण पडतं.

"उद्या एवढे मोठे सायेब लोक येऊन राह्यले," तो म्हणाला. "आपल्या गावची विहीर अशी मळकट पाहून काय म्हनतीन ते? गावाची इज्जत हाय का नाई?"

झालं! माझ्यावरचा तवंग जाळीनं काढला. माझा कठडा चुन्यानं पांढराशुभ्र केला. त्या चुन्याखाली माझी लाल खूणही गडप. मग ब्लिचिंग पावडरची पिशवी ओतली. आणि शेवटी, मी तर हादरलेच, दर्यापूरहून मागवलेले गोड पाण्याचे दोन टँकर माझ्यात रिकामे केले. इंदूबाईनं स्वतः अंगण झाडून माझ्याभोवती रांगोळी घातली. तिच्याही डोक्यात आलं नाही! ज्या बाईनं मला बिमार म्हणून फोन केला, तीच म्हणाली, "पाहुने येतीन तं थोडं सारवून-झाडून तं घ्या लागते, माय."

"आता पाहा, कसं चकचक करून राह्यलं!" पंजाबराव आत वाकून खूश होत म्हणाला.

अरे, तेच तर दाखवायचं होतं रे त्यांना! मी आतल्या आत ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा माझ्यात गोड पाणी तरंगत होतं आणि मला त्याची किळस येत होती. माझ्याच माणसांनी, माझ्या भल्यासाठी, माझं तोंड बंद केलं होतं.

सकाळी गाड्या आल्या. कारखान्याचा मॅनेजर पांढऱ्या शर्टात, पहिल्यांदा तोच आत वाकला. त्याचा चेहरा उजळला. "वा! इतकं स्वच्छ पाणी! उगाच आमच्या नावानं बोंबाबोंब."

भावना मॅडम सरळ कठड्याजवळ गेल्या. त्यांनी आधी खूण शोधली. सापडेना. त्यांनी किल्लीनं चुना खरवडला तेव्हा लाल रंग दिसला. खडू फासून टेप सोडली. वर ओढली, खडूकडे पाहिलं. पुन्हा सोडली. जीपचा चालक जानराव नेहमी त्यांच्यासोबत असतो. तो टेप धरून म्हणाला, "मॅडम, आज हिची पातळी एवढी वर कशी काय आली?" मॅडमनी भांड्यात पाणी घेतलं आणि यंत्र बुडवलं. आकडा पाहिला.

मी वाट पाहत होते. त्यांनी कठड्यावर थाप मारली नाही. "आहेस ना तशीच" म्हणाल्या नाहीत. फक्त उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे पाणी हिचं नाही."

अहाहा! मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

मॅनेजर हसला. "विहिरीत आहे ते विहिरीचंच पाणी, मॅडम. पंच आहेत, साहेब आहेत. नमुना घ्या, सह्या करा, मोकळे व्हा."

"मोकळी व्हायला मी आले नाही," मॅडम म्हणाल्या आणि तहसीलच्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, पाणी चढावर जात नाही. पंजाबराव भाऊंच्या विहिरीतलं पाणी वर, गोड विहिरीतलं खाली आणि हिचं कायम दोघींच्या मध्ये. आज ही सगळ्यांत वर आहे. आणि खारपाणपट्ट्यातली विहीर एकाएकी गोड झालीय. हिच्यात कोणीतरी पाणी ओतलंय. कोणी ओतलं?"

पंजाबरावाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. इंदूबाईनं एकदा माझ्याकडे, एकदा रांगोळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आमीच वतलं, बाई," ती म्हणाली. "यानं टँकर वतला, म्या झाडलं. तुमी येनार म्हून. बाप्पा, का करून बसलो आमी!"

"मॅडम, मानासाठी केलं," पंजाबराव पुढे आला. "वाईट मनानं नाई केलं. शपथ घेऊन सांगतो."

"अहो भाऊ, ताप मोजायला डॉक्टर येणार म्हणून पेशंटच्या अंगावर बर्फ ठेवायचा का?" मॅडमचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

मॅनेजरला आयतं सापडलं. "साहेब, बघितलंत? गावकरीच विहिरीत काय काय ओततात आणि नाव आमचं! ब्लिचिंग यांचं, टँकर यांचे. उद्या रंगही यांनीच टाकला नसेल कशावरून? आणि शेवटी ही विहीर खारीच. खाऱ्या पाण्यात थोडं काही गेलं तर बिघडतं काय एवढं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पंजाबराव खाली मान घालून उभा. मला वाटलं, संपलं. माझ्याच गावानं मला बुडवलं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ता वर आहे ते पाणी कोणाचंच नाही. ते घेऊन काही सिद्ध होत नाही, तुमचंही नाही आणि यांचंही नाही. विहिरीचा नमुना घ्यायचा तर साचलेलं पाणी उपसून टाकायचं आणि झऱ्यातून येणारं ताजं पाणी घ्यायचं. ही काही मी आज शोधून काढलेली गोष्ट नाही, आमच्या कामाची हीच रीत आहे. विहीर उपसा. तळ दिसेपर्यंत."

"त्याला दिवस जाईल!" मॅनेजर ओरडला.

"जाऊ दे."

पंजाबराव एव्हाना पळत सुटला होता. त्यानं आपल्या शेतातल्या विहिरीतली मोटार काढून आणली, शेजारच्या खांबावरून वायर ओढून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. घामानं निथळत तो स्वतः पाइप धरून बसला. उपसलेलं पाणी गोड विहिरीकडे जाऊ नये म्हणून जानरावानं फावड्यानं दुसरीकडे दांड काढून दिला. मोटार घरघरायला लागली. ऊन चढलं. इंदूबाईनं सगळ्यांना ताक आणून दिलं, मॅनेजरलाही दिलं. पाहुणा तो पाहुणा!

मधेच मॅडमचा फोन वाजला. वरचं कोणीतरी होतं. मॅनेजर तिकडे कान देऊन उभा. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, मी विहिरीवर आहे. ती रिकामी होईपर्यंत मी इथेच आहे. बाकीचं मग बोलू." आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.

दुपार कलता कलता माझा तळ उघडा पडला. मोटार बंद केली, वायर काढली. जानरावानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत टिकली, म्हणजे आतली हवा चांगली होती. मग तो शर्टाच्या बाह्या सरसावू लागला. "मी उतरतो नं, मॅडम."

"नाही, जानराव. सही माझी आहे."

आणि त्या उतरल्या. कमरेला दोर बांधून, माझ्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून, एक एक पाय टाकत. पन्नाशी ओलांडलेली बाई, मोठी अधिकारी. लहानुजीनंतर माझ्या तळाशी असं कोणी आलं नव्हतं. मला रडू आलं असतं तर मी तेव्हा रडले असते.

तळाशी पोचल्यावर त्या थांबल्या. चिखलात उभ्या राहून त्यांनी माझ्या भिंती पाहिल्या. पूर्वेच्या बाजूनं विटांच्या फटींतून पाणी झिरपत होतं, नितळ, जसं कायम यायचं तसं. पश्चिमेच्या झऱ्यातून येत होतं ते निळसर, तेलकट, वास मारणारं. दोन्ही धारा तळाशी येऊन एकमेकींत मिसळत होत्या. मॅडमनी हातमोजे घालून दोन बाटल्या भरल्या, एक या भिंतीची, एक त्या भिंतीची. दोन्हींत यंत्र बुडवून पाहिलं. मग मान वर केली.

"साहेब, खाली बघा. मॅनेजर साहेब, तुम्हीही बघा. सगळ्यांनी बघा."

माझ्या तोंडाभोवती गोल डोकी जमली.

"विहीर एकच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज माझ्या भिंतींवरून घुमत वर गेला, आणि तो आवाज माझाही होता. "वरून कोणी काही ओतलं तर ते दोन्ही भिंतींना सारखं लागेल. हे भिंतीच्या आतून येतंय, आणि एकाच बाजूनं येतंय. पश्चिमेकडून. पश्चिमेला काय आहे?"

"तळं!" इंदूबाई गरजली.

"तळं," पंजाबराव म्हणाला. मग एकेक करून सगळे म्हणाले. मॅनेजरनं डोकं मागे घेतलं.

"पण खारी तर ती होतीच ना," तो मागून पुटपुटला.

मॅडमनी पूर्वेकडची बाटली उन्हाच्या तिरिपीत धरली. "हो, खारी आहे. या बाटलीत आहे ना, हे हिचं खारेपण. मी वर्षानुवर्षं मोजत आलेय, आज अजून तसंच आहे." मग दुसरी बाटली उचलली. "आणि ही तुमची घाण. एकीच्या नावावर दुसरी खपवू नका."

इंदूबाईनं मॅनेजरकडे वळून, कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आयकलं का? खारी हाय, पन खोटी नाई आमची विहीर!"

पुढचं थोडक्यात सांगते. दोन्ही बाटल्यांवर तिथेच मोहरा लागल्या, पंचांच्या सह्या झाल्या, पंजाबरावानं सर्वांत आधी केली. प्रयोगशाळेत पूर्वेच्या बाटलीत माझा जुनाच खार निघाला आणि पश्चिमेच्या बाटलीत रंग पक्का करायची रसायनं. दुसऱ्या तळ्याची परवानगी नामंजूर झाली. पहिलं तळं रिकामं करायला लावलं. पण जी घाण जमिनीत उतरली ती काही हुकमानं परत फिरत नाही. जमिनीखालचं पाणी सावकाश चालतं. मॅडमनी एक उपाय काढला. आता माझ्यावर मोटार बसवलीय आणि ती सतत चालते, म्हणजे आलेली घाण माझ्याकडेच ओढली जाते, गोड विहिरीपर्यंत पोचत नाही. उपसलेलं पाणी कारखान्याच्याच टँकरनं, कारखान्याच्याच खर्चानं, स्वच्छ करायला नेतात. किती वर्षं चालेल हे, असं पंजाबरावानं विचारलं. "बरीच," मॅडम म्हणाल्या.

मोटार बसली म्हणजे निरीक्षण विहीर म्हणून माझी नोकरी गेली. ती आता पंजाबरावाच्या शेतातल्या विहिरीला मिळाली. त्यानं तिच्यावरची मोटार कायमची काढून टाकली, आणि कोणाला चुना लावू देत नाही. म्हशी अजून माझं पाणी पीत नाहीत. त्याचं मला दुःख आहे, ते लपवत नाही. परवा एक पाहुणा माझ्याकडे बघून "बिचारी!" म्हणाला. इंदूबाई त्याच्यावर अशी उसळली! "बिचारी कायले? गावाची राखन करून राह्यली ते!" तो बापडा चहा न घेताच गेला.

नोकरी गेली तरी मॅडम येतात. मोटार थोडा वेळ थांबवायला लावतात, भांड्यात पाणी घेतात, यंत्र बुडवतात. आता त्या "आहेस ना तशीच" विचारत नाहीत. कठड्यावर हात ठेवून म्हणतात, "अजून नाही, बाई. पण होशील."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी विहिरीनं हात जोडायचे असतात. मला वाचवा, माझी काळजी घ्या, असं म्हणायचं असतं. मी हात जोडणार नाही. मी तुम्हाला बजावून सांगते. तुमच्या गावात विहीर असेल तर तिच्यात घाण टाकू नका. आणि पाहुणे येणार म्हणून तिला सजवूही नका, तिच्यात गोड पाणी ओतू नका. मोजणारे येतील तेव्हा ती जशी असेल तशी त्यांना दिसू द्या. कठड्यावरची खूण पुसू नका.

मी खारी आहे. हा खार लहानुजीनं सगळ्या गावासमोर तोंड वाकडं करून गिळला होता. तो माझा आहे. एक दिवस मी पुन्हा तेवढीच खारी होईन, एक कण कमी नाही आणि एक कण जास्त नाही. त्या दिवशी इंदूबाईची म्हैस माझं पाणी पिईल.

तोपर्यंत मी इथे उभी आहे. बुजवून दाखवा.